अमारेटो सावर घरी करताना: आधी लिंबू, साखर अगदी शेवटी

अमारेटो या बदामी चवीच्या गोड मद्याची बाटली घरात आली की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. ग्लासात बर्फ, त्यावर अमारेटो, वर लिंबू पिळायचं, सवयीने दोन चमचे साखर घालायची आणि लेमन कोल्ड्रिंकने ग्लास भरायचा. पहिला घोट खोकल्याच्या औषधासारखा लागतो. दुसऱ्या घोटाला गोडी टाळूला चिकटते. मग ‘हे आपल्यातलं नाही’ असं म्हणून ती महागडी बाटली कपाटात मागे सरकते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण नीट केलेला अमारेटो सावर, म्हणजे अमारेटो आणि लिंबाचं आंबटगोड पेय, इंदूरच्या जिभेला सहज आवडावा असा आहे. आपण पोह्यांवर लिंबू पिळतो आणि त्याच बशीत जलेबी खातो. आंबट आणि गोड एकत्र कसं नांदतं हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

बिघडतं ते मापात आणि क्रमात. गोडी बाटलीत आधीच भरलेली असते, त्यामुळे आपलं खरं काम लिंबू, बर्फ आणि हलवणं एवढंच उरतं. साखरेचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि बऱ्याचदा येतच नाही.

खालची मापं दोन ग्लासांची आहेत. एका अंड्यातला पांढरा भाग साधारण ३० मिली भरतो आणि तो दोन ग्लासांना बरोबर पुरतो, म्हणून एकेक ग्लास करत बसू नका.

दोन ग्लासांसाठी

- अमारेटो: ९० मिली
- बर्बन (मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की): ४५ मिली
- कागदी लिंबाचा ताजा रस: ४५ मिली (मोठं पिवळं लेमन वापरत असाल तर ६० मिली)
- अंड्याचा पांढरा भाग: ३० मिली, किंवा काबुली चण्याचं शिजवलेलं दाट पाणी: ४० मिली
- साखरेचा पाक: लागलाच तर, जास्तीत जास्त १० मिली
- बर्फ: हलवायला दोन मुठी, ग्लासात घालायला दोन मोठे खडे
- जायफळ किंवा बिटर्स (थेंबाने घालायचा कडू मसालेदार अर्क): नावापुरतं

घरात ३० मिलीचा पेग मेजर असेल तर हिशेब सोपा होतो. तीन माप अमारेटो, दीड माप व्हिस्की, दीड माप लिंबू, एक माप अंडं.

> आधी एवढं पाहा. मध्य प्रदेशात मद्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर यांच्यासह १९ धार्मिक क्षेत्रांतली दारूची दुकानं १ एप्रिल २०२५ पासून बंद आहेत, तेव्हा तिकडच्या नातलगांकडे हा बेत आखू नका. ज्यांना गाडी चालवत घरी जायचं आहे त्यांच्यासाठी शेवटी बिनदारूचा प्रकार दिला आहे.

## टप्पा १: बाटली नीट ओळखा

अमारेटो हे बदामी चवीचं इटालियन लिक्युअर. लेबलवर ‘लिक्युअर’ हा शब्द आणि अल्कोहोलचं प्रमाण, साधारण २४ ते २८ टक्के, या दोन गोष्टी दिसायला हव्यात. डिसारोनो हा सर्वांत माहितीतला ब्रँड २८ टक्क्यांचा आहे. इंदुरातल्या प्रत्येक दुकानात अमारेटो मिळेलच असं नाही. ज्या दुकानात आयात मद्याचा वेगळा कप्पा असतो तिथे आधी फोन करून विचारा, म्हणजे फेरी वाया जात नाही. घरातलं कुणी परदेशाहून येणार असेल तर एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं.

इथे तीन चुका होतात.

पहिली चूक कॉफीच्या सिरपची. कॉफीत घालायचं ‘अमारेटो सिरप’ किराणा दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतं. त्यात अल्कोहोल नसतं आणि साखर प्रचंड असते. ते ९० मिली घातलंत तर कितीही लिंबू पिळलं तरी ताळ्यावर येणार नाही.

दुसरी बदाम सरबताची. आपल्याकडच्या बदाम सरबतात वेलची आणि केशर असतं. अमारेटोचा वास त्याहून वेगळा, किंचित कडसर बदामाचा असतो. वेलची लिंबाशी भांडते. दुधातलं बदाम पेय असेल तर लिंबू पडताच ते फाटतंच.

तिसरी चूक धोक्याची आहे. अमारेटोचा तो कडसर वास काही ठिकाणी जर्दाळूच्या बियांतल्या गरापासून काढलेला असतो, हे वाचून कुणी घरीच खुमानीच्या, म्हणजे जर्दाळूच्या, बिया फोडून व्होडकात भिजत घालतं.

> सावधान. कडू बदाम किंवा जर्दाळूच्या कच्च्या बिया घरी दारूत कधीही भिजवू नका. त्यांच्यातल्या अमिग्डालिन या घटकापासून शरीरात सायनाइड तयार होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या इशाऱ्यानुसार प्रौढ माणसाने एका वेळी अशा तीन छोट्या बियांपेक्षा जास्त खाल्लं तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. कारखान्यात ते तेल शुद्ध करून वापरतात. घरी ते करता येत नाही.

सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेला पाहुणा असेल तर लेबल पूर्ण वाचा. काही अमारेटोंत खरे बदाम असतात, काहींत नसतात. अंदाजाने ग्लास हातात देऊ नका.

### व्हिस्की कशाला?

हा प्रश्न हमखास येतो, आणि व्हिस्की गाळली की पेय हमखास लोळतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे लिक्युअर म्हणवायला लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर लागते. म्हणजे अमारेटो गोड आहे आणि अल्कोहोलला सौम्य. लिंबू आणि बर्फाचं पाणी पडल्यावर त्याच्यात धरून ठेवायला काही उरत नाही. अमेरिकेत पोर्टलंडचे बारटेंडर जेफ्री मॉर्गनथेलर यांनी २०१२ मध्ये या पेयाची जी कृती मांडली, तिच्यात जोरकस बर्बन घालून त्यांनी ही उणीव भरून काढली. ते प्रमाण मला पटतं आणि वरची मापं त्याच अंगाने जातात. बदल लिंबात आणि साखरेत आहे, कारण आपलं लिंबू वेगळं.

त्यांनी वापरलेली जास्त तीव्रतेची बर्बन आपल्याकडे शोधत बसायची गरज नाही. ४२.८ टक्क्यांची साधी बर्बन चालते. ती नसेल तर ब्रँडी घ्या. धुरकट वासाची स्कॉच नको, ती बदामाला गिळून टाकते. डार्क रमने गोडी आणखी वाढते, म्हणून तीही नको.

## टप्पा २: आदल्या रात्रीची तयारी

संध्याकाळी सात वाजता पाहुणे आणि सहा वाजता बर्फाचा ट्रे भरायला घेतला, तर या पेयाचा नाद सोडलेला बरा.

### बर्फ

आरओचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या. ट्रेमधले छोटे खडे हलवण्यासाठी ठीक आहेत. ग्लासात घालायला मात्र मोठा खडा हवा, आणि तो स्टीलच्या छोट्या वाटीत उत्तम होतो. वाटी पाऊण भरा, झाकण घाला, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. झाकणाची गोष्ट गंभीरपणे घ्या. फ्रीझरमध्ये मटार, लसणाची पेस्ट, मासळी असं सगळं असतं आणि उघडा बर्फ ते सगळे वास शोषतो. अंड्याच्या फेसावर तो वास नाकाला पहिल्यांदा जाणवतो आणि दोष बिचाऱ्या अंड्यावर जातो.

बाजारातला लादीचा बर्फ पेयात घालू नका. तो कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला ठाऊक नसतं.

ग्लासही आदल्या रात्रीच फ्रीझरमध्ये ठेवा. जाड बुडाचे, २५० ते ३०० मिलीचे, काचेचे. मे महिन्यात कपाटातला ग्लास चक्क कोमट असतो आणि सगळी मेहनत पहिल्या मिनिटात वाया घालवतो.

### अंडं की काबुली चणे?

आपल्या बऱ्याच घरांत अंडं स्वयंपाकघरात येत नाही, आणि त्यासाठी हे पेय सोडून द्यायचं कारण नाही. चण्याचं पाणी तितकाच छान फेस देतं. अट एवढीच की चणे त्यासाठीच शिजवायला हवेत. छोल्यांसाठी आपण चहाची पुरचुंडी, सोडा, मीठ, कधी आवळा घालतो. ते पाणी इथे चालत नाही.

१. अर्धी वाटी काबुली चणे रात्री भिजवा. सकाळी ते पाणी फेकून द्या.
२. ताजं पाणी चण्यांच्या वर दोन बोटं येईल एवढंच घाला. मीठ नको, सोडा नको. कुकरमध्ये मऊ शिजवा.
३. चणे त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या. ही पायरी लोक वगळतात आणि पाणी पाणचटच राहतं.
४. गाळून घ्या. पातळ असेल तर मंद आचेवर आटवा. चमच्यातून ओघळताना ते अंड्याच्या पांढऱ्याइतकं लिबलिबीत दिसायला हवं.

हे पाणी फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलंत तर महिनाभर सोय झाली. उरलेल्या चण्यांची उसळ करा.

अंडं वापरणार असाल तर फ्रिजमधलं, स्वच्छ, तडा न गेलेलं घ्या. पाण्याच्या पातेल्यात सोडून पाहा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर भुर्जीसाठी ठेवा, तरंगलं तर फेका.

> सावधान. ‘दारूत जंतू मरतात’ हा समज चुकीचा आहे. ग्लासातल्या तीव्रतेला आणि तेवढ्या काही मिनिटांत साल्मोनेला मरेल याचा भरवसा धरता येत नाही. वयस्कर मंडळी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं असतील तर त्यांच्यासाठी चण्याचं पाणीच वापरा.

## टप्पा ३: भांडी, आणि चिकटपणाचा बंदोबस्त

शेकर, म्हणजे पेय हलवून मिसळायचं झाकणाचं भांडं, असेल तर उत्तम. नसेल तर घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची स्टीलची बाटली घ्या. प्रोटीन शेकमधली तारेची चेंडूवाली बाटली फेसासाठी फार चांगली, फक्त तिच्यातला जुना वास गेलेला हवा. काचेची बरणी कोरड्या, म्हणजे बर्फाशिवाय, हलवण्यापुरती चालते. बर्फासह जोरात हलवताना ती तडकू शकते, तेव्हा तिथे स्टीलच.

फेस न येण्याचं सगळ्यात मोठं कारण भांड्यातला तेलकटपणा आहे. आपल्या घरातल्या बरण्या, रवी, चमचे सगळे कधी ना कधी तुपातून किंवा लोण्यातून गेलेले असतात. थोडीशी स्निग्धता असली तरी पांढरा भाग फुलत नाही. कडक गरम पाणी आणि साबणाने धुवा, कोरडं करा, बोट फिरवून पाहा.

मापासाठी पेग मेजर किंवा बेकिंगचे १५ आणि ५ मिलीचे चमचे वापरा. वाढायचा ‘मोठा चमचा’ प्रत्येक घरात वेगळा असतो, त्याच्यावर विसंबू नका. पेग मेजर नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणा असलेलं स्वच्छ टोपण उत्तम काम करतं. या पेयात ५ मिली रस इकडेतिकडे झाला तरी चव बदलते, आणि अंदाजाने ओतणारा हात नेहमी गोडाकडे झुकतो.

गाळायला चहाची बारीक गाळणी. ती नवी असेल तर बरी. रोजच्या गाळणीला चहाचा वास राहतोच.

## टप्पा ४: लिंबू

सगळा डोलारा याच्यावर उभा आहे, म्हणून इथे घाई नको.

परदेशी कृतींत ‘लेमन’ म्हणजे मोठं, पिवळं, जाड सालीचं फळ. आपलं कागदी लिंबू त्याहून लहान आणि जास्त आंबट. परदेशी कृतीतलं ३० मिलीचं माप कागदी लिंबाने भरलंत तर दात आंबतात. मग लोक घाबरून साखर घालतात, साखर जास्त झाली म्हणून पुन्हा लिंबू पिळतात, आणि ग्लास भरत जातो. कागदी लिंबाचा रस ग्लासामागे २२ मिलीच्या आसपास पुरतो.

चोइथराम मंडीतून आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून, निवडताना तळहातावर तोलून पाहा. आकारापेक्षा जड लागणारं, पातळ आणि गुळगुळीत सालीचं लिंबू रसाळ असतं. एका लिंबातून साधारण १० ते १५ मिली रस निघतो, म्हणजे दोन ग्लासांना चार लिंबं धरा. उन्हाळ्यात एक-दोन जास्तच घ्या, त्या दिवसांत ती कोरडी निघतात.

१. फ्रिजमधली लिंबं अर्धा तास आधी बाहेर काढा. गार लिंबू रस सोडत नाही.
२. धुऊन, पुसून, ओट्यावर तळहाताखाली दाबून गोल फिरवा.
३. आडवी कापा. बिया सुरीच्या टोकाने आधीच काढा.
४. हाताने किंवा स्टीलच्या दाबणीने पिळा, आणि रस सहज येतोय तोवरच. साल पिळवटून शेवटचा थेंब काढायच्या नादात सालीचा कडवटपणा उतरतो.
५. गाळा, आणि मग मोजा. मोजून मग गाळलंत तर माप कमी भरतं.

ॲल्युमिनियमची जुनी दाबणी वापरू नका. आंबट रस तिच्यात राहिला की धातूची चव येते. रस त्याच दिवशीचा हवा, शक्यतो तासाभरातला. बाटलीतला तयार रस, लेमन स्क्वॅश, ‘सावर मिक्स’ यांपैकी काहीही घातलंत तर बाकीची काळजी घेण्यात अर्थ नाही. या पेयाचं नाव जगभर खराब झालं ते मुख्यतः त्या तयार मिक्समुळे.

> तपासणी. रसाचा एक थेंब जिभेवर ठेवा. आंबट लागायला हवा, कडू नाही. कडू लागला तर पुन्हा पिळा. साखरेने कडवटपणा जात नाही.

## टप्पा ५: मिसळा आणि अंड्याच्या आधी चाखा

शेकरमध्ये पहिल्यांदा लिंबाचा रस, मग अमारेटो, शेवटी व्हिस्की. रस आधी घालायचं कारण व्यवहारातलं आहे: माप चुकलं तर चार रुपयांचं लिंबू वाया जातं, बाटलीतला महाग माल नाही.

चमच्याने ढवळा. आता चाखा. अंडं अजून पडलेलं नाही आणि बर्फही नाही, म्हणून चव बघायची हीच वेळ. एकदा अंडं पडलं की चाखणं नको, आणि बर्फानंतर सुधारायला फारसं काही हातात राहत नाही.

या क्षणी मिश्रण तुम्हाला हवं त्याहून थोडं जास्त तीव्र आणि जास्त गोड लागायला हवं. गार झाल्यावर जिभेला गोडी कमी जाणवते आणि बर्फाचं पाणी तीव्रता उतरवतं. इथेच अगदी बरोबर लागलं तर गार झाल्यावर आंबटच वाटेल.

फारच आंबट असेल तरच पाक घाला. दोन भाग साखर, एक भाग पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करून गार केलेला. तार येऊ देऊ नका. गुलाबजामचा पाक इथे नको, त्यात वेलची असते आणि दाटपणामुळे तो गार द्रवात तळाशी बसतो. ५ मिली घाला, ढवळा, चाखा. मगच पुढचे ५. दाणेदार साखर थेट घालू नका, थंडीत ती विरघळत नाही आणि शेवटच्या घोटाला दातांखाली येते.

ज्यांनी अमारेटो आधी कधी गोडमिट्ट प्यायला आहे त्यांना साखर न घातलेला ग्लास सुरुवातीला कमी गोड वाटेल. दोन घोट थांबा. तिसऱ्या घोटाला बदामाचा वास वर येतो, आणि तो साखरेखाली दबलेला असतो हे तेव्हा कळतं.

## टप्पा ६: बर्फाशिवाय हलवा

अंडं वेगळ्या वाटीत फोडा, थेट शेकरमध्ये कधीही नाही. पिवळ्याचा ठिपका जरी आला तरी ते अंडं बाजूला ठेवा, पिवळ्यातली चरबी फेस मारते. पांढरा भाग काट्याने चार-पाच वेळा मोडून घ्या, म्हणजे तो गोळ्याने न पडता मापात ओतता येतो.

३० मिली शेकरमध्ये घाला आणि लगेच हलवायला घ्या. लिंबू आणि अल्कोहोलमध्ये पांढरा भाग तसाच पडून राहिला तर त्याच्या गुठळ्या होऊ लागतात. म्हणून दाराची घंटा वाजली, फोन आला, तरी अंडं घातल्यावर थांबू नका. बाकी सगळं हाताशी असेल तेव्हाच अंडं फोडा.

झाकण घट्ट. दोन्ही हातांनी, एक तळाला आणि एक झाकणावर. १५ ते २० सेकंद जोरात.

> सावधान. बर्फ नसताना झाकण आपोआप आवळलं जात नाही आणि आत फेस फुगतो. एका हाताने हलवलंत तर झाकण उडतं. शेकरभोवती फडकं गुंडाळा.

चण्याचं पाणी असेल तर हेच ३० सेकंद करा. हात दुखत असेल तर बॅटरीवरचं कॉफी घुसळायचं यंत्र चालतं. उंच भांड्यात छोट्या लाकडी रवीनेही छान फेस येतो, पण ती कोरी हवी, ताकाची नको.

> तपासणी. झाकण उघडून पाहा. मिश्रण फिकट, दुधट आणि जवळपास दीडपट दिसायला हवं. वर मोठे बुडबुडे आणि खाली पिवळं पाणी दिसत असेल तर आणखी १० सेकंद हलवा.

## टप्पा ७: बर्फ घालून हलवा

बर्फ फ्रीझरमधून थेट शेकरमध्ये. ओट्यावर दहा मिनिटं ठेवलेला, पाणी सुटलेला बर्फ पेय गार करण्याआधीच पातळ करतो. शेकर दोन-तृतीयांश भरेल इतका घाला. ‘पाणी होईल’ या भीतीने तीन खडे टाकणारे बरेच आहेत. त्याने उलटंच होतं, थोडा बर्फ लवकर वितळतो आणि जास्त पाणी सोडतो.

१२ ते १५ सेकंद, पूर्ण जोराने. स्टीलच्या बाहेरून बोटांना गारवा सहन होईनासा झाला की थांबा. त्यापुढे फक्त पाणी वाढतं.

## टप्पा ८: ओता, थांबा, मग द्या

फ्रीझरमधले ग्लास काढा, प्रत्येकात वाटीचा एक मोठा खडा ठेवा. गाळणीतून ओता, दोन्ही ग्लासांत थोडं थोडं आळीपाळीने, नाहीतर एकाला द्रव मिळतो आणि दुसऱ्याला नुसता फेस. गाळणीत अडकलेला फेस चमच्याने हलके टकटक करून खाली पाडा.

आता मिनिटभर हात लावू नका. फेस वर येऊन बसतो आणि खाली सोनेरी थर वेगळा होतो. बोटभर फेस आला तर काम चोख झालं.

वर बिटर्सचे दोन थेंब, किंवा सहाणेवर न उगाळता बारीक किसणीवर एकदाच ओढलेलं जायफळ. यामुळे अंड्याचा कच्चा वास झाकला जातो आणि शोभेपेक्षा तेच महत्त्वाचं. कागदी लिंबाची साल फार पातळ, तिची चकती नीट निघत नाही. नखाएवढा हिरवा-पिवळा तुकडा फेसावर मुरडून टाकला तरी वास पुरतो. केकवरची लाल चेरी मात्र नको. आपल्याकडे मिळणारी ती बहुतेकदा पाकात मुरवलेली, रंगवलेली करवंदं असतात आणि त्यांचा रंग फेसात उतरतो.

> तपासणी, पिणाऱ्यासाठी. या एका ग्लासात साधारण २२ मिली शुद्ध अल्कोहोल आहे: ४५ मिली अमारेटोतून १२.६ आणि २२ मिली व्हिस्कीतून साडेनऊच्या जवळपास. ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये ते २५.७ असतं. गोड लागतो म्हणून हलका समजून तिसरा ग्लास घेऊ नका.

सोबत खाऱ्या चवीचं ठेवा. लसणी शेव, भाजलेले दाणे, थंडीत गरम गराडू (तळलेला कंद). गोड काहीही ठेवलंत तर ग्लास आंबट लागेल आणि साखरेची मागणी पुन्हा सुरू होईल.

## बिघडलं तर कुठे पाहायचं

फेस आलाच नाही. भांडं तेलकट होतं, पिवळं मिसळलं, किंवा बर्फाशिवाय हलवणं राहिलं. चण्याचं पाणी असेल तर ते पातळ होतं. बर्फ गाळून काढा आणि तेच मिश्रण पुन्हा २० सेकंद हलवा, बऱ्यापैकी सावरतं.

फेस आला आणि लगेच बसला. हलवणं कमी पडलं किंवा ग्लास कोमट होता.

पाणचट. ओला बर्फ, किंवा व्हिस्की गाळली.

अंड्याचा वास. अंडं शिळं, जायफळ विसरलात, किंवा ग्लास पंधरा मिनिटं तसाच ठेवलात. हे पेय गप्पांत विसरायचं नाही.

गोडमिट्ट. ग्लासात ५ मिली लिंबू घालून चमच्याने खालून हलकं ढवळा. सोडा घालून उपयोग नाही, तो गोडी पातळ करतो आणि फेसही मोडतो.

## चारापेक्षा जास्त पाहुणे असतील तर

एका शेकरमध्ये दोनच ग्लास. चार ग्लासांचं एकदम हलवायला गेलात तर आत हवेला जागाच राहत नाही आणि फेस येत नाही. अमारेटो आणि व्हिस्की दोनास एक प्रमाणात दुपारीच एका बाटलीत मिसळून फ्रिजमध्ये ठेवा. लिंबाचा रस वेगळा, झाकून, पाहुणे यायच्या तासभर आधी काढलेला. मग प्रत्येक जोडीला १३५ मिली मिश्रण, ४५ मिली रस, एक अंडं. रस आधीच बाटलीत घालून ठेवू नका, दोन-तीन तासांत त्याचा ताजेपणा उतरतो.

## न पिणाऱ्यांसाठी

गार कोरा चहा, बिनदुधाचा आणि जरा कडक, ९० मिली. पाक ३० मिली, कागदी लिंबू २२ मिली, बदाम इसेन्सचे दोन थेंब, चण्याचं पाणी २० मिली. हा एका ग्लासाचा हिशेब आहे, आणि टप्पे तेच, सहा ते आठ. इथे पाक लागतोच, कारण गोडीची बाटली नाही. चहाचा तुरटपणा व्हिस्कीची जागा भरतो. इसेन्स थेंबानेच घाला, तिसऱ्या थेंबाला ते केकसारखं लागू लागतं. हे ग्लास वेगळ्या आकाराचे ठेवा. दोन्ही पेयं दिसायला सारखीच असतात आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात चुकीचा ग्लास जायला नको.

## शेवटी बाटली

उघडलेली अमारेटोची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. उन्हापासून दूर, उभी, बूच घट्ट. ठेवण्याआधी बाटलीचं तोंड कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, नाहीतर साखर सुकून बूच चिकटतं आणि माळव्यातल्या मुंग्या ती जागा बरोबर शोधतात. शेकर आणि गाळणी लगेच गार पाण्याने विसळा, मग गरम पाण्याने धुवा. आधीच गरम पाणी लावलंत तर अंडं जाळीत शिजून बसतं.